छावणीचा चेंडू

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका शाळेच्या बक्षीस समारंभाला मला बोलावणे आले होते. तीस वर्षे अमरावतीत मुलांना खेळ शिकवून मी निवृत्त झालो. आता असल्या समारंभांत व्यासपीठाच्या कडेची एक खुर्ची भरणे एवढाच माझा खेळ उरला आहे. मुख्य पाहुणे मोठे होते; त्यांचे भाषणही मोठे होते. भाषणाच्या भरात त्यांनी एक दाखला दिला. 1944 साली, दुसरे महायुद्ध ऐन रंगात असताना, मुंबईचा रोव्हर्स चषक गोऱ्या शिपायांच्या एका तळाने जिंकला. एका हाताने लढाई आणि दुसऱ्या पायाने चेंडू! (हे शब्द त्यांचेच, हातापायांचा हिशेब त्यांनीच जुळवावा.) हे कशामुळे घडले? तर शिस्तीमुळे. फुटबॉल आपल्याला लष्कराने दिला, लष्कराबरोबर तो गेला, आणि परत यायचा असेल तर लष्करी शिस्तीच्या वाटेनेच परत येईल. सबब पोरांना पहिलीपासून सैनिकी शिक्षण द्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मांडीवर शाल आणि नारळ असल्यामुळे मला टाळी वाजवता आली नाही, असे मी शेजारच्या गृहस्थांना सांगितले. ते खरे नव्हते.

पाहुण्यांचे मत हे एकट्या पाहुण्यांचे असते, तर मी नारळ घेऊन मुकाट्याने घरी आलो असतो. पण 2025 च्या जून महिन्यात आपल्या राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनीच पहिलीपासूनच्या मुलांना मूलभूत सैनिकी शिक्षण देण्याचा आणि त्यासाठी निवृत्त सैनिकांचे साहाय्य घेण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हापासून आमच्या वऱ्हाडात ज्या संस्थाचालकाला मैदान सांभाळता आले नाही, तोही शिस्तीवर बोलू लागला आहे. शिस्त स्वस्त असते. तिला जागा लागत नाही, चेंडू लागत नाही, पोटभर खाणे लागत नाही. दोन शिट्ट्या आणि एक 'सावधान' एवढ्यावर ती उभी राहते. म्हणून पाहुण्यांचा तो दाखला एकदा नीट तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते. दाखला खरा आहे, आणि तो नेमका त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो.

रोव्हर्स चषकाची विजेत्यांची यादी हा वाचण्यासारखा कागद आहे. 1891 साली पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला. त्यानंतर 1936 पर्यंत एकाही भारतीय संघाला तो मिळाला नाही. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती कोंडी फोडली. 1940 साली कलकत्त्याचे महमेडन स्पोर्टिंग आले आणि त्यांनी त्याच वर्षी रोव्हर्सही जिंकला आणि दिल्लीला झालेला ड्युरँड चषकही. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात तर त्यांनी रॉयल वॉरिकशायर या गोऱ्या पलटणीलाच हरवले. ड्युरँड पुढे युद्धामुळे बंद पडला तो थेट 1950 साली उघडला. मुंबईत कूपरेजवर मात्र रोव्हर्सचे सामने चालू राहिले. 1941 साली वेल्श पलटण. 1942 साली बाटा. होय, तीच बाटा, बूट करणारी! ज्या काळी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत, त्या काळी, भर युद्धात, एका बुटाच्या कारखान्याच्या संघाने पलटणींच्या नाकावर टिच्चून चषक नेला. पाहुण्यांनी हे साल वगळले. शिस्तीचे भक्त सोयीची सालेच तेवढी शिस्तीत उभी करतात.

आणि मग ते 1944. त्या साली विजेत्याच्या रकान्यात नाव आहे ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प. 1945 साली मिलिटरी पोलीस. 1946 साली पुन्हा तोच रीइन्फोर्समेंट कॅम्प.

हा कॅम्प म्हणजे काय चीज असते, हे पाहुण्यांनी विचारले असते तर मी व्यासपीठावरच सांगितले असते. ही पलटण नव्हे. पलटणीला नाव असते, निशाण असते, तिचे शिपाई वर्षानुवर्षे एका ताटात जेवलेले असतात. रीइन्फोर्समेंट कॅम्प ही लष्कराची धर्मशाळा. बोटीवरून नुकते उतरलेले, इस्पितळातून बरे होऊन उठलेले, कुठल्याशा पलटणीतून सुटे झालेले शिपाई इथे येऊन पडत. आणि आघाडीवर जिथे माणूस कमी पडेल तिकडे त्यांची रवानगी होई. 1944 साली ती आघाडी म्हणजे ब्रह्मदेशाची सरहद्द, इंफाळ आणि कोहिमा. आज शेजारच्या खाटेवर असलेला गडी उद्या तिथे असेलच असा भरवसा नाही. नाशिकजवळच्या देवळालीला असाच एक जुना मुक्कामाचा तळ होता. तिथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता शिपायांची डोकी फिरत, आणि त्या बिचाऱ्या गावाच्या नावावरून इंग्रजी भाषेत वेडसरपणाला 'डूलाली' असा एक शब्दच रूढ झाला. वाट पाहणाऱ्यांची जत्रा ती. तिच्यात परंपरा कुठली आणि दीर्घ तालीम कुठली?

तेव्हा पाहुण्यांना लष्करी शिस्तीचा महिमा सांगायचा होता, तर त्यांनी 1891 ची ती पलटण निवडायला हवी होती. त्यांनी नेमकी निवडली ती ज्यांना एकत्र कवायत करायला सवडही मिळाली नसेल अशांची टोळी. मग ही टोळी एकदा नव्हे, दोनदा जिंकली कशी?

तीन सप्टेंबर 1939 रोजी इंग्लंड युद्धात उतरले तेव्हा तिथला फुटबॉलचा मोसम नुकता सुरू झाला होता. तीनेक सामने झाले आणि लीग बंद. धंदेवाईक खेळाडूंचे करार गुंडाळले गेले, पगार थांबले. सक्तीच्या लष्करभरतीने तरण्याताठ्या इंग्रजांना ओढून नेले, त्यात पायांवर पोट भरणारे हेही आले. कित्येकांना लष्कराने शारीरिक शिक्षणाच्या खात्यात घेतले. बोल्टन या गावचा संघ तर युद्ध पेटण्यापूर्वीच, 1939 च्या वसंतात, तोफखान्यात भरती झाला होता. त्यांचा कप्तान हॅरी गॉस्लिन 1943 च्या डिसेंबरात इटलीत मारला गेला. हे खेळाडू लष्कराने घडवले नव्हते, लष्कराने ते उचलले होते. शेतकऱ्याने वर्षभर राबून वाढवलेली बैलजोडी सरकारने वेठीला धरावी, आणि पुढे शंकरपटात ती पहिली आली की सरकारनेच मिशांना पीळ भरावा, असला हा न्याय आहे.

आमच्या क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला याचा एक दाखला तोंडपाठ आहे, फक्त त्याने तो या अंगाने कधी पाहिला नाही. 1945 च्या मार्चमध्ये ब्रेबोर्नवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. विजय मर्चंटच्या 278 धावा, आणि होळकरांच्या बाजूने डेनिस कॉम्प्टन नाबाद 249. होळकर तरीही 374 धावांनी हरले. हा कॉम्प्टन तेव्हा इंदूरजवळच्या महूच्या छावणीत इंग्रज फौजेत नोकरीला होता. हाच कॉम्प्टन विलायतेत आर्सेनलचा डावा आघाडीवीर, हे आमच्या दहा क्रिकेटपंडितांपैकी नऊ जणांना सांगावे लागते. त्याला बॅट धरायला कोणी शिकवली? लॉर्ड्सवर पोरवयात धरलेल्या नोकरीने. चेंडू मारायला कोणी शिकवला? आर्सेनलने. महूच्या छावणीने त्याला फार तर सुट्टी दिली. पण ही सुट्टी क्षुल्लक समजू नका. सगळे इंगित तिच्यात आहे.

छावणीने आपल्या माणसाला काय काय दिले ते मोजून पाहा. सपाट मैदान दिले, आणि त्यावर लग्नाचा मांडव घालायची कोणाची छाती नव्हती. चेंडू दिले, बूट दिले. दोन वेळचे भरपेट जेवण दिले, तेही 1943 साली, जेव्हा बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. संध्याकाळचा वेळ दिला आणि त्या वेळेचा पगारही कापला नाही. या चार गोष्टी कुठल्याही अकरा धडधाकट पोरांना द्या. ती 'सावधान'मध्ये उभी राहोत की वाकडी उभी राहोत, चेंडू जाळ्यात जाईल.

मुळात इंग्रजी फुटबॉल बराकीत मोठा झालेला नाही. तो गिरणीच्या गावांत मोठा झाला. 1850 साली तिकडे एक कायदा झाला आणि कापडगिरण्यांतल्या बायका व पोरसवदा कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबले; त्यांचे थांबले की गिरणीच थांबे. त्या मोकळ्या दुपारीतून फुटबॉलची गर्दी आली, गर्दीतून क्लब आले. 1883 साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला. संघात विणकर होते, सूत कातणारे होते. आणि त्यांनी हरवले कोणाला? ईटन या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना! ईटन म्हणजे इंग्रजांच्या सेनापतींची शाळा. वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, हे वाक्य वेलिंग्टनच्या तोंडी घालून शिस्तीचे पुजारी अजून फिरवीत असतात. ती शाळा विणकरांपुढे 2-1 ने हरली, हे वाक्य मात्र कोणी फिरवीत नाही.

वऱ्हाडच्या माणसाने येथे क्षणभर थांबावे. अमेरिकेतले यादवी युद्ध 1861 साली पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या त्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. खामगाव, अमरावती, कारंजा येथल्या कापसाच्या गाठी बोटीवर चढल्या. म्हणजे ज्या गावांनी फुटबॉल वाढवला, त्यांच्या चात्यांना पीळ देणारे बोंड आमचेही होते. आमच्या कुणब्याला त्याची शनिवारची दुपार मिळाली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारसुद्धा 1890 साली मिळाला, आणि तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मिळवला; कोणा कर्नलने परेडवर वाटला नाही. आम्ही कापूस पाठवला आणि बदल्यात फुटबॉल खेळणारे शिपाई आले. आता दीडशे वर्षांनी आमचे पुढारी म्हणतात, शिपाई पुन्हा बोलवा, म्हणजे फुटबॉल येईल. अहो, निदान गाठ कोणत्या बाजूने सुटते ते तरी पाहा!

कोणी म्हणेल, मग कामठीचे काय? नागपूरजवळची कामठी ही जुनी छावणी, आणि विदर्भात फुटबॉलवर जीव टाकणारे गाव शोधायचे तर बोट कामठीवरच जाते. प्रश्न रास्त आहे. छावणीने कामठीला चेंडू दाखवला, हे मी नाकारीत नाही. पण चेंडू टिकला तो बराकीत नव्हे, विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या मोहल्ल्यांत. ब्लॅकबर्नचे विणकर आणि कामठीचे विणकर यांची सोयरीक कोणी जुळवली नव्हती. हातावर पोट असलेल्या दाट वस्तीला एक चेंडू आणि एक मोकळी जागा पुरते, एवढेच दोन्हीकडचे साम्य. छावणी असली की फुटबॉल येतो असा नेम असता, तर आमचे परतवाडे आज कुठल्या कुठे असते! हैदराबाद कंटिंजंटची फौज तिथे वर्षानुवर्षे मुक्कामाला होती. गावाची सारी घडणच छावणीची. परतवाड्याची ख्याती मेळघाटच्या सागवानामुळे आहे. फुटबॉलसाठी तिथली गाडी पकडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो घेणारे माझे एक पोलीस खात्यातले स्नेही आहेत. ते म्हणतात, 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. तो काय गणवेशाविना? गणवेश होता खरा. पण त्या संघाला आणि पुढे भारताच्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने कोण होते? शाळामास्तर! त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 साली जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. पोलीस खात्याने नोकरी दिली, पगार दिला, खेळायला वेळ दिला. चेंडू कुठे द्यायचा आणि कधी द्यायचा हे मास्तरने शिकवले. वऱ्हाड तर 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असूनही कागदोपत्री निजामाचेच होते, निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. कागदावरचे नाते का होईना, पण उदाहरण घ्यायचेच होते तर या हैदराबादी मास्तरचे घ्यायचे होते. त्याच्यासाठी मी शाल बाजूला ठेवून टाळी वाजवली असती.

आणि अमरावतीने तर शिस्तीच्या नावाने कोणापुढे हात पसरायचे कारणच नाही. 1914 साली वैद्य बंधूंनी इथे जो आखाडा घातला, त्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. 1936 साली या मंडळाची मंडळी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी जाऊन हुतूतू आणि मल्लखांब दाखवून आली. 1949 साली स्टॉकहोमच्या लिंगियाड मेळाव्यात गेली. तिथल्या तांबड्या मातीत शिस्त नव्हती असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे? पण ती मातीतून आली, वस्तादाच्या डोळ्याच्या धाकातून आली. पोर आधी खेळायला आले, मग शिस्तीत आले. आमचे नवे शिस्तभक्त हा क्रम उलटा करू पाहतात. आधी पोराला काठीसारखे ताठ करायचे, आणि मग त्याने वेतासारखे वाकावे अशी अपेक्षा धरायची.

निवृत्त जवानांशी माझे भांडण नाही, हे बजावून सांगतो. दर्यापूरच्या बाजूला एका खेड्यात असा एक निवृत्त शिपाई रोज पहाटे गावच्या पोरांना घेऊन पडीक वावरात उतरतो. मी तिथे दोनदा गेलो. त्याने स्वतःच्या पेन्शनमधून तीन चेंडू आणले आहेत. मी म्हटले, "कवायत नाही घेत?" तो हसला. म्हणाला, "कवायत तं फौजेत शिकवतेच, सर. पाय मातर लहानपणीच बसते." अठरा वर्षे नोकरी केलेला हा माणूस. त्याला जे कळले ते अठरा मिनिटे भाषण करणाऱ्याला कळत नाही. शाळांनी असे जवान बोलवावेत, खुशाल बोलवावेत, आणि त्यांच्या हाती चेंडू द्यावा.

पण शाळांची अवस्था काय आहे? मी ज्या शाळेत राबलो तिचे नाव घेत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट तीच राहील. वेळापत्रकात खेळाचे तास आठवड्याला दोन. दिवाळीनंतर त्यातला एक गणिताने खायचा, संक्रांतीनंतर दुसरा विज्ञानाने. मैदानाचा निम्मा भाग नव्या इमारतीखाली गेला, उरलेला लग्नसराईत मोटारींखाली. साठ पोरांत एक चेंडू, त्याचीही हवा निम्मी. मी तक्रार केली की उत्तर ठरलेले, "मास्तर, पोरांना शिस्त लावा, चेंडूचे पुढच्या वर्षी बघू." 2009 साली संसदेने शिक्षणहक्काचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवे असे स्वच्छ लिहिले आहे. आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक हवा असेही लिहिले आहे. मात्र अर्धवेळ! गणिताचा मास्तर पूर्ण, खेळाचा अर्धा. कायद्यानेच आमचा अर्धा पाय कापून ठेवला आहे, आणि उरलेल्या अर्ध्या पायाने आता संचलन करा म्हणतात.

म्हणून माझी मागणी अगदी रोकडी आहे. सैनिकी शिक्षणावर जो पैसा खर्चायचा असेल, तो अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पाच वर्षे मैदानांवर, चेंडूंवर, खेळाच्या पूर्णवेळ मास्तरांवर आणि खेळून झाल्यावरच्या मूठभर गूळ-शेंगदाण्यांवर खर्चून पाहा. छावणीने आपल्या शिपायाला जे दिले तेवढेच द्या, बंदूक सोडून. पाच वर्षांनी पोरे बेशिस्त निघाली तर मी स्वतः अकोल्याच्या त्या व्यासपीठावर येऊन उठाबशा काढीन. रोव्हर्स चषक जिंकून आणा असे सांगता येणार नाही. तो 2000-01 च्या मोसमानंतर बंदच पडला. युद्ध चालू असताना जो थांबला नाही, तो शांततेत मेला. यावरही शिस्तीच्या भक्तांनी एखादे भाषण करावे.

समारंभ संपल्यावर पाहुण्यांची मोटार धूळ उडवीत गेली. मैदानावर खुर्च्या उचलणे चालले होते आणि खुर्च्यांच्या मधल्या जागेत पाच-सहा पोट्टी प्लॅस्टिकची रिकामी बाटली पायाने लाथाडत होती. त्यांतला एक, शर्टाच्या खिशाला बक्षिसाचे लाल फूल टाचलेला, माझ्यापाशी आला. मी खेळाचा मास्तर असल्याचे त्याने सूत्रसंचालकाच्या तोंडून ऐकले होते. "सर," तो म्हणाला, "बॉल भेटन का?"

मी चौकशी केली. चेंडू होता. कपाटात होता. कपाटाची किल्ली कारकुनाकडे होती, आणि कारकून पाहुण्यांना स्टेशनवर पोचवायला गेला होता.